डोळ्याने मंजूर

"काका, आता उघडा डोळा. सावकाश. किती बोटं आहेत?"

"दोन," मी म्हणालो. "बाई, तुमचा हा कोट धुवायला कुटं टाकता?"

बावधनच्या डोळ्यांच्या दवाखान्यातली ती डॉक्टरीण, माझ्या लेकीच्या वयाची, स्वतःच्या कोटाकडे बघायला लागली. "का हो? डाग आहे का?"

"डाग न्हाई. नीळ जास्त झालीया."

ती हसली. "कोट पांढराच आहे, काका. ऑपरेशननंतर थोडे दिवस सगळ्यांना असंच निळसर दिसतं. मोतीबिंदू जुना होत जातो तसा तो पिवळा पडतो, मग तपकिरी. तुम्ही इतकी वर्षं कोऱ्या चहातून बघत होतात असं समजा. निळ्या रंगातला फरक तर त्यातून कळतच नाही."

"इतकी वर्षं म्हंजे किती?"

"सहा-सात तरी असतील. तुमचा चांगलाच पिकला होता. आधी कुणी म्हटलं नाही का, की डोळे दाखवून घ्या म्हणून?"

म्हटलं होतं. एका पोरीनं म्हटलं होतं. डॉक्टरणीला मात्र मी सांगितलं, "न्हाई बा."

खाली तारिक, माझा मुलगा, मोटरसायकल घेऊन उभा होता. मी त्याला थांबवलं आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून खेळ सुरू केला. उजवा डोळा झाकायचा, डाव्यानं बघायचं. डावा झाकायचा, उजव्यानं बघायचं. डाव्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. समोर पत्र्याची एक निळी टपरी होती. डाव्यानं ती मळकी दिसायची, उजव्यानं लख्ख. तारिक म्हणाला, "अब्बा, लोक बघत्यात." बघू देत. मला त्या टपरीशी काही देणंघेणं नव्हतं. माझ्या डोक्यात दुसरंच एक निळं होतं.

मी नबीलाल मुलाणी, राहणार पौड. दोन वर्षांपूर्वी पिरंगुटच्या एका फॅक्टरीतून निवृत्त झालो. तिथं प्लास्टिकच्या फिल्मवर छपाई होते. दुधाच्या पिशव्या, मिठाच्या, वेफर्सच्या. मी शाईखात्यात होतो. बारावी नापास झाल्यावर शाईच्या बादल्या धुवायला म्हणून लागलो आणि शेड मास्तर होऊन बाहेर पडलो. शेड मास्तर म्हणजे गिऱ्हाइकाला हवा तो रंग डब्यात जुळवून देणारा माणूस. दिसायला सोपं काम आहे. करायला बसा, मग कळेल.

आता थोडी फुशारकी मारतो, मारू द्या. पॉलिथिनला शाई मुळात धरत नाही. पूर्वी दुधाची पिशवी बर्फाच्या क्रेटमधून काढली की तिच्यावरचा रंग हाताला यायचा. दूध टाकणाऱ्यांची बोटं सकाळी निळी व्हायची आणि शिव्या आम्हाला बसायच्या. मोठमोठ्या डिग्रीवाल्यांनी हात टेकले होते. मी पौडच्या बाजारातल्या मासेवाल्याकडून बर्फ आणायचो, आबेदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, घमेल्यात पाणी भरायचो आणि छापलेली फिल्म त्यात बुडवून वीस-वीस वेळा चुरगाळायचो. दोन जातींचं रेझिन, म्हणजे शाईला धरून ठेवणारा चिकट पदार्थ, आणि चिमूटभर मेण, यांचं प्रमाण बदलत बदलत अकरा महिने गेले. आबेदानं घमेलं कायमचं माझ्या नावावर करून दिलं. शेवटी एक दिवस रंग हाताला आला नाही. कंपनीनं त्या शाईला एन-सात असं नाव दिलं. एन म्हणजे नबीलाल, असं मी धरून चाललो होतो. साहेब म्हणाले, एन म्हणजे न्यू. असो.

तेव्हापासून माझं नाक वर झालं ते झालंच. बाकीचे लोक गिऱ्हाइकानं मंजूर केलेलं रंगाचं शेडकार्ड समोर ठेवून रंग जुळवायचे. मी कार्ड काढायचोच नाही. शेड माझ्या डोळ्यात आहे, म्हणायचो. लोकही म्हणायचे. पुढे रंग मोजायचं मशीन आलं, ते कार्ड आणि नमुना यांतला फरक आकड्यात सांगायचं. फरक दोनच्या आत असला तर माल चांगला. मी त्या मशीनवर डबा ठेवायचो, जेवणाचा. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ देताना मॅनेजर चंद्रकांत साहेब बोलले, "मशीन चुकेल, पण चाचांचा डोळा चुकायचा नाही." टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून हसलो होतो, ते सगळ्यांना नम्रपणाचं वाटलं.

आता त्या पोरीचं सांगतो. सृष्टी रानवडे, नांद्याची. पॉलिमरचा डिप्लोमा करून आली होती, सहा महिन्यांच्या बोलीवर. पहिल्या दिवशी मी तिला नोंदवहीचा नियम शिकवला, सगळ्यांनाच शिकवायचो. चुकलेला आकडा गिरवून काळा करायचा नाही. पांढरं लावायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं, शेजारी सही, सहीखाली तारीख. पोरगी म्हणाली, "म्हंजे चूक लपवायची न्हाई, चाचा." मी म्हणालो, "चूक लपली की डबा फुटतो." मोठा शहाणा होतो मी.

ती कामाला चोख होती. तराजूवर अर्धा ग्रॅम इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. पण तिला मशीनचं वेड. प्रत्येक डब्याचा आकडा घ्यायची, वहीत लिहायची, आणि वर मला दाखवायची. मला ते सहन व्हायचं नाही, खरं सांगतो. वीस वर्षं ज्याच्या तोंडाकडे लोक बघत होते त्याच्याकडे कुणी कागद धरला की डोक्यात जातं.

चार वर्षांपूर्वीची कोजागरी. कोजागरीला दूध किती खपतं ते तुम्हाला सांगायला नको. एका डेअरीनं त्या दिवसापुरती वेगळी पिशवी काढायला लावली होती, रंग तिचा नेहमीचाच गडद निळा, वर चंद्र. कोजागरीला तीन दिवस होते, दुपारी चारला ट्रक लागणार होता. निळा मी जुळवला, नेहमीसारखा, कार्ड न काढता; मी सांगेन ते सृष्टी तराजूवर तोलून डब्यात घालत होती. सृष्टीनं कांडीनं फिल्मवर शाईची पट्टी ओढली, वाळवली, मशीनखाली धरली.

"चाचा, तीन पॉइंट आठ येतंय."

"काच पुस मशीनची."

"दोनदा पुसली. निळा जास्त झालाय. जांभळट दिसतोय मला."

"मला न्हाई दिसत."

ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, कुणाला ऐकू जाऊ नये अशी, "चाचा, रागावू नका. एकदा डोळे दाखवून घ्या ना."

पुढचं लांबण लावत नाही. नोंदवहीत तो आकडा खोडला गेला आणि वर 'डोळ्याने मंजूर' असं लिहिलं गेलं. माल छापला, ट्रक गेला. कोजागरीच्या दिवशी सकाळी दुकानदारांनी पिशव्या परत केल्या. रंग नेहमीचा नव्हता, जांभळा होता. गिऱ्हाइकांना वाटलं, दूध बनावट आहे. डेअरीनं आमची ऑर्डर कायमची तोडली.

चौकशी बसली. चंद्रकांत साहेबांनी मला विचारलं, "चाचा, हा शेड तुम्ही पाहिला होता का?"

मी म्हणालो, "साहेब, दिवसाला चाळीस डबे जात्यात हाताखालनं. आठवत न्हाई. पोरगी नवी हाय, तराजूवर कायतरी चुकलं आसंल."

वहीत सही तिची होती. नोकरी तिची गेली.

दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी फॅक्टरीत गेलो, काळा चष्मा लावून. गेटवर कुणी अडवलं नाही. गोदामाला गेणबा होता. माझ्याबरोबरच लागलेला, अजून दोन वर्षं राहिलीत त्याची. छापलेल्या प्रत्येक कामाचा अर्धा मीटर तुकडा आणि त्याचं शेडकार्ड काळ्या पाकिटात घालून पाच वर्षं तिथं जपून ठेवतात.

"कोजागरीची पिशवी काढ," मी म्हणालो.

गेणबानं माझ्याकडे बघितलं. "आता कशापायी उकरताय, चाचा?"

"काढ म्हनलं ना."

त्यानं शिडीचा घोडा लावला, वर चढला आणि पाकीट आणून दिलं. मी खिडकीपाशी गेलो. एका हातात कार्ड, एका हातात तुकडा. उजवा डोळा झाकून डाव्यानं बघितलं. दोन्ही सारखे. तसूभर फरक नाही, कुराणावर हात ठेवून सांगितलं असतं. मग डावा झाकला.

कार्ड निळं होतं. तुकडा जांभळा होता. वांग्याच्या सालीसारखा. आंधळ्यानं नाही म्हटलं असतं तरच.

मी खाली पोत्यावर बसलो. गेणबानं पाणी दिलं.

"पोरगी त्या दिशी रडली न्हाई," तो म्हणाला. "मला वाटलं रडंल. डबा उचलला, चप्पल घातली, गुमान गेली. पुन्यांदा तीन वक्ताला आलती मात्र. दाखल्यावर 'कामात निष्काळजीपणा' लिवलंय ते काढा म्हनून. साहेबांनी भेट दिली न्हाई. दुसरीकडं कुटं गेली की ती लोकं हितं फोन करायची, आन् हितनं तेच सांगायची."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"तुमी इचारलं का?"

नव्हतं विचारलं. मी विषय बदलावा म्हणून म्हणालो, "नोंदवही हाय का त्या सालातली?"

वही होती. पान सापडलं. तीन पॉइंट आठ, त्यावर पट्टीनं मारल्यासारखी एक सरळ रेघ. वर 'डोळ्याने मंजूर', शेजारी सृष्टीची सही, खाली तारीख. सगळं मी शिकवलं होतं तसंच. शेवटच्या रकान्यात, जिथं शेड मास्तरनं सही करायची असते, तिथं काहीच नव्हतं.

मघाशी मी म्हणालो, आकडा खोडला गेला. आकडा असा आपोआप खोडला जात नसतो. छपाईवाले शाईसाठी खोळंबले होते, आणि एक काल आलेली पोरगी मला डोळे दाखवा म्हणत होती. मी तिच्या हातात पेन दिलं. म्हणालो, "मार रेघ. डोळ्यानं मंजूर लिही. कर सही." ती म्हणाली, "मंजुरी तुमची हाय ना, चाचा?" मी म्हणालो, "माझी सही मी संध्याकाळी करतो." संध्याकाळी केली नाही. दुसऱ्या दिवशी केली नाही. आणि माल परत आल्यावर तर करायचा प्रश्नच नव्हता.

चार वर्षं मी स्वतःची समजूत काढत आलो होतो की शेड बरोबरच होता, म्हणजे चूक तराजूवरच झाली, म्हणजे पोरगीनंच केली, म्हणजे मी गप्प राहिलो त्यात एवढं काही बिघडलं नाही. सगळा डोलारा त्या डोळ्यावर उभा होता. तोच गेला.

गेणबा म्हणाला, "सापडलं का काय हवं ते?"

"सापडलं," म्हणालो आणि वही मिटून दिली.

घरी येऊन मी मॅनेजरच्या नावानं पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. चौथा जमला. आबेदा भाकऱ्या थापत होती, तिला वाचून दाखवला. "कोजागरीच्या कामातील निळा शेड मी चुकीचा जुळवला होता. यंत्राचा आकडा बरोबर होता. तो आकडा माझ्या डोळ्यांच्या दोषामुळे खोडला गेला. कुमारी सृष्टी कैलास रानवडे हिचा कोणताही दोष नाही. तरी तिच्या दाखल्यावरील शेरा काढून टाकावा." सोबत ऑपरेशनचे कागद.

आबेदानं तव्यावरची भाकरी उलटली. "येवढंच?"

"येवढंच हाय."

"त्या वक्ताला आठ दिस जेवला न्हवता तुमी धड. येवढ्याशासाठी?"

"डोळ्याचाच तर सगळा घोळ हाय," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. भाकरी फुगली, तिनं ती टोपल्यात टाकली.

हे पत्र परस्पर कंपनीत दिलं असतं तरी चाललं असतं. पण मला ते आधी सृष्टीला दाखवायचं होतं. का, ते सांगतो, लाज वाटते पण सांगतो. मला वाटत होतं ती वाचेल, डोळ्यात पाणी येईल, म्हणेल, चाचा, एवढ्या लांबून आलात. निवृत्तीला टाळ्या मिळाल्या होत्या, तशा अजून थोड्या हव्या होत्या मला.

पिरंगुटला उतरून लवळ्यावरून जाणारी जीप धरली आणि नांद्यात उतरलो. गाव ओळखू येत नव्हतं. भाताच्या खाचरांमध्ये सात-सात मजले उभे राहिलेत. रानवड्यांचं घर विचारत गेलो. पुढं जुनं कौलारू, मागं भाड्याच्या खोल्यांची रांग. ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत होती. सृष्टीची आजी, सारजाबाई.

"कोन वं?"

"पौडवरनं आलोय. सृष्टी हाय का?"

"ती दुकानात. रस्त्याला फ्लेक्सचं दुकान हाय बघा, तितं कामाला आसती." तिनं आत हाक मारून पाणी मागवलं आणि मला बसायला सांगितलं. "काय काम हुतं?"

"कागद द्यायचाय. तिच्या जुन्या कंपनीचा."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "त्या कंपनीचं नाव काडू नका. लई हुशार पोरगी वं माजी. बापानं शिकवली. तितं एक म्हातारा हुता, त्यानं घात केला तिचा. येकदा भेटला पायजे मला तो."

पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. मी पाणी प्यायलो. सांगायला हवं होतं, मीच तो. मी तांब्या ओट्यावर ठेवला.

"तुमी कोन म्हनला?"

"पौडचा हाय," म्हणालो आणि उठलो.

दुकान रस्त्याला लागूनच होतं. फ्लेक्स छापायचं मोठं मशीन मागे घरघरत होतं, पुढं झेरॉक्स आणि एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर कुणा दादाचा वाढदिवसाचा फ्लेक्स चालला होता. दादांच्या डोक्यामागं निळं आभाळ होतं आणि सृष्टी ते आभाळ थोडं थोडं कमी निळं करत होती. मी दारात उभा राहिलो. ती थोडी भरली होती अंगानं, बाकी तीच.

"काय काढायचंय?" तिनं वर न बघता विचारलं. मग बघितलं. माझ्या काळ्या चष्म्याकडे, मग माझ्याकडे.

"चाचा."

"व्हय."

"बसा," ती म्हणाली. प्लास्टिकची खुर्ची पुढं सरकवली आणि परत कॉम्प्युटरसमोर बसली. हात माऊसवर होता, पण आभाळ हलत नव्हतं.

मी सगळं सांगितलं. ऑपरेशन, डॉक्टरणीचा कोट, गोदामातला तुकडा. म्हणालो, "तू म्हनली हुतीस डोळे दाखवा. तुझं खरं हुतं. शेड जांभळा हुता."

तिनं माऊस सोडला आणि म्हणाली, "म्हंजे तराजूवर चूक न्हवती झाली."

"न्हाई. तुझं वजन बरोबरच हुतं."

"चार वर्षं मी तो डबा तोलतेय, चाचा." तिचा आवाज चढला नव्हता. "रोज न्हाई, पन तोलते. पांढरा किती घातला, निळा किती, मेण किती. सगळं पाठ हाय मला. डोळ्याचं मी बोलून गेले खरी, पन नंतर सगळी म्हनायला लागली, चाचांचा डोळा चुकत न्हाई, मग मलाच वाटाय लागलं, आपलंच कायतरी चुकलं आसंल. बावधनला एका लॅबमदी बोलावलं हुतं. त्यांनी तराजूपुढं उभं केलं, तर हात थरथराय लागला. त्यांनी फोन करायच्या आधी मीच निघून आले तितनं."

मी खिशातलं पत्र काढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते वाचलं. एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे काय लिहिलंय? आकडा डोळ्यांच्या दोषामुळे खोडला गेला?"

"मला फरकच दिसत न्हवता ना गं. म्हनून."

"डोळ्याचं समजलं, चाचा. डोळे काय, कुनाचेबी जातात. त्याच्यासाठी मी तुमाला कधीच काय म्हनलं नसतं." तिनं आता माझ्याकडे सरळ बघितलं. "पन पेन माझ्या हातात कुनी दिलं? सही कर कुनी म्हनलं? साहेबांनी इचारलं तवा आठवत न्हाई कोन म्हनलं? ते दिसायला डोळा लागत न्हवता."

मागे मशीन घरघरत होतं. फ्लेक्सवरचा दादा इंच इंच करून बाहेर येत होता. मी खाली बघत बसलो. आबेदाला कळलं होतं, गेणबाला कळलं असावं, हिला तर पहिल्यापासून माहीत होतं. एवढा कागद लिहिला, त्यात मी ती एक गोष्ट तेवढी गाळली होती. निवृत्तीला दोन वर्षं होती तेव्हा. नाव जाईल, शाल-नारळ जाईल, याची भीती वाटली होती मला. बाकी काही नव्हतं. पोरगी तेवीस वर्षांची होती आणि मी शेपूट घातली.

"मी भ्यालो हुतो," मी म्हणालो.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

तिनं तो कागद माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, परत नेऊन टाक म्हणतेय. उठायला लागलो, तर तिनं काचेच्या टेबलावरचं पेन उचलून कागदावर ठेवलं.

मी चष्मा काढला. 'डोळ्यांच्या दोषामुळे' या शब्दांवर एक रेघ मारली. गिरवली नाही, खालचं वाचता येत होतं. थोडी वाकडी गेली. वर लिहिलं, 'सांगण्यावरून'. म्हणजे आता ओळ अशी झाली की तो आकडा माझ्या सांगण्यावरून खोडला गेला. त्याखाली अजून एक ओळ घातली की चौकशीत मी आठवत नाही म्हणालो ते खोटं होतं, मला आठवत होतं. जागा कमी होती, अक्षरं बारीक काढावी लागली. शेजारी सही केली आणि कागद तिच्याकडे दिला.

तिनं बघितला.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

मी तारीख टाकली.

"कंपनीत मी देतो नेऊन," मी म्हणालो. "आजच देतो. नवा दाखला द्यावा लागंल त्यांना. लॅबमदी परत..."

"ते बघू," ती म्हणाली. बघू म्हणाली, पण तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, ते मी पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं.

ती उठली, झेरॉक्सचं झाकण उघडून कागद पालथा ठेवला. उजेडाची पट्टी एकदा सरकली. प्रत बाहेर आली, गरम होती. त्यात रेघ आली होती, रेघेखालचे शब्द आले होते, माझी सही आणि तारीख आली होती. प्रत तिनं माझ्या हातात दिली. मूळ कागद स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर लावला. नोंदीत मूळ कागद राहतो, बाहेर जाते ती नक्कल. हेही तिला मीच शिकवलं होतं.

माझ्या मागे एक बाई आधार कार्ड घेऊन उभी होती. सृष्टीनं तिच्याकडे हात केला आणि विचारलं, "किती प्रती?"